हिला पढंतीला बसवा

रविवार, रात्री साडेअकरा

झोप येत नाहीये. कारण म्हणावं तर काहीच नाही. आज जी कथक नाचली तिच्या आजी चांगलंच बोलल्या. विंगेत येऊन माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तू होतीस म्हणून आमची तरली हो!" मी हसले, वाकून नमस्कार केला. तेव्हापासून डोक्यात तेच. तू होतीस म्हणून.

जानेवारीपासून हेच चाललंय. आधी पहिल्या वर्षाचं सादरीकरण, मग दुसऱ्या वर्षाचं, आता एम.ए.वाल्यांचं मंचप्रदर्शन. ग्रुपवर यादी पडते आणि प्रत्येकीच्या नावापुढे पढंतीला, म्हणजे बाजूला बसून हाताने ताल देत नाचाचे बोल म्हणायला, मी. नाचायला? आहे ना. समूहात, दुसऱ्या रांगेत कुठेतरी. मॅडमचं ठरलेलं, "अगं, तुझी लय पक्की आहे." पक्की आहे म्हणूनच खाली बसवून ठेवलंय.

आज तीनतालातली चक्रदार होती. अख्खा तुकडा तिहाईसकट, म्हणजे शेवटी तीनदा येणाऱ्या बोलासकट, तीनदा, नऊ वेळा 'धा', आणि नववा बरोब्बर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायला हवा. तिसऱ्या पल्ल्याला ती अर्धी मात्रा आधीच सुटली. घाबरली की तिचे खांदे वर जातात, मला बाजूनेसुद्धा कळतं. तिहाईच्या दोन्ही दमांत, मधल्या थांब्यांत, मी पाव-पाव मात्रा जास्त थांबले. तबल्यावरच्या दादांनी एकदाच माझ्याकडे बघितलं आणि तेही थांबले. लेहरा, ती तालासोबत फिरत राहणारी धून, आपला चालूच. नववा धा समेवर! टाळ्यांचा कडकडाट. तिला. साहजिकच आहे, नाचली ती.

मग मी का कुढतेय? असूया म्हणावी तर पोरगी गोड आहे, तिच्या डब्यातले घावन मीच संपवले. बाबा निघताना जे म्हणाले ते आज लिहायचं नाही. सलतंय ते हे की मी सगळ्यांच्या उपयोगी पडते. उपयोगी पडणाऱ्या माणसाला कुणी समोर उभं करत नाही. त्याच्यावाचून अडतं ना!

गडकरी नाट्यगृहातून बाहेर पडून सगळ्या तलावपाळीवर गेल्या, मीही गेले. आईस्क्रीमचे पैसेही मीच गोळा केले. उपयोगी.

आत्ता आईने व्हिडिओ पाठवलाय, खाली लिहिलंय, "पूर्ण वेळ स्टेजवर तूच होतीस की! बाकीच्या येऊन जाऊन." हसूच आलं. व्हिडिओत मी म्हणजे कोपऱ्यात एक हात. समेला टाळी, पाचव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे टाळी न देता नुसता हात, तेराव्याला पुन्हा टाळी. पण हात काय सुरेख चाललाय! बोलही स्वच्छ, एक अक्षर गिळलेलं नाही. हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं. असो, मीच सांगितलं. बिरजू महाराज नुसती पढंत करायचे तरी सभागृह खिळून राहायचं. हो, पण ते नाचायचेही.

शनिवारी वाशीला, विष्णुदास भावे नाट्यगृहात. धमार ताल आहे, 14 मात्रांचा, तिथे अशी घाई झाली तर माझ्या बापालाही सावरता येणार नाही. उद्या मॅडमना सांगणार आहे, एक तुकडा मी नाचते, पढंत तिला करू दे. नाहीच म्हणतील बहुधा. तरी अंगरखा इस्त्रीला टाकते.