लाटा किती फुटाच्या ते नंतर विचारा

"उद्या सर्फिंगला येतोय, लाटा किती फुटाच्या आहेत?" असा मेसेज आला की मला खरंच सुचत नाही काय सांगावं, कारण बीच ब्रेकवर (म्हणजे वाळूच्या तळावर लाटा फुटतात अशा किनाऱ्यावर) उंची हा सगळ्यात फसवा आकडा. आधी पिरियड, म्हणजे एकामागून एक लाटा किती सेकंदांनी येतात ते बघा ना. ६ सेकंदांनी येणाऱ्या ३ फुटी लाटा म्हणजे जवळच्या वाऱ्याने उठवलेला नुसता धिंगाणा. तेच ३ फूट १४ सेकंदांनी येत असतील तर तो लांबून आलेला स्वेल, खोल समुद्रात दोन लाटांमधलं अंतर ३०० मीटरच्या आसपास, त्यामुळे किनाऱ्याशी येता येता लाट सांगितल्यापेक्षा चांगलीच उंच उभी राहते. पण सँडबार (पाण्याखालचा वाळूचा उंचवटा) सरळसोट असेल तर तीच लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदम कोसळते, मग बसा बोंबलत! आणि वाळू काय, एका वादळात इकडची तिकडे, गेल्या महिन्यातली जागा आज असेलच असं नाही.

वाऱ्याचं म्हणाल तर सकाळीच या. जमीन गार असते तोवर मतलई वारा समुद्राकडे वाहतो, लाटेचा चेहरा गुळगुळीत राहतो, ऊन तापलं की खारा वारा सुटतो आणि सगळा विचका होतो.

पाण्यात उतरायच्या आधी दहा मिनिटं उंचावर उभं राहून बघा, प्लीज. दोन्हीकडे पांढरा फेस आणि मध्ये एक शांत पट्टा, पाणी जरा गढूळ, वरचा फेस उलटा समुद्राकडे चाललेला, ती रिप, म्हणजे किनाऱ्यावरून आत ओढून नेणारा प्रवाह. नवीन लोक नेमके तिथेच पोहायला उतरतात, "इथे लाटा कमी आहेत" म्हणून. सापडलात तर उलटं पोहत दमू नका, बोर्ड सोडू नका, किनाऱ्याला समांतर बाजूला सरका.

आता येण्याजाण्याचं. वाळूच्या टेकाडांवरून शॉर्टकट मारू नका, आखलेल्या वाटेनेच या, वादळात त्याच टेकाडांची वाळू वाहून जाऊन सँडबारला मिळते, म्हणजे नुकसान आपलंच. गेटसमोर गाडी लावू नका, रेस्क्यूची गाडी तिथूनच येते (हे दर वेळी सांगावं लागतं!). आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला खडकांखालची वाट भरतीत बुडते, तेव्हा परतायची वेळ टाइड चार्ट (भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता) बघून ठरवा, भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, कालची वेळ आज धरून चालत नाही.