तुम्ही विचारलंत म्हणून: लग्नातलं उरलेलं जेवण आम्ही का घेत नाही

"ताई, तुमच्या दाराशी उपाशी माणसं येतात आणि तुम्ही चांगलं अन्न परत पाठवता?" तुळशीचं लग्न लागलं की हा प्रश्न सुरू होतो तो अक्षय तृतीया उलटली तरी थांबत नाही. विचारणारे कधी लॉन्सवाले असतात, कधी मुलीचे वडील, कधी आमच्याच गल्लीतले. फोनवर मी दोन वाक्यांत कारण सांगते. समोरचा गप्प होतो, पण पटलं म्हणून नव्हे, हे मला कळतं. म्हणून एकदाचं सगळं लिहिते.

नाशिकच्या पेठ रोडवरच्या आमच्या गाळ्यातून आम्ही गरजूंना शिधा देतो. तिथे काय मिळतं ते तुम्हाला माहीतच आहे. डाळ-तांदूळ, तेल, संध्याकाळचे लिलाव आटोपल्यावर मार्केट यार्डात राहिलेल्या मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, भाव पडला की टोमॅटोचे क्रेट. कोथिंबीर खराब झाली की पिवळी पडते, टोमॅटोला पाणी सुटतं. नेणाऱ्याला ते दिसतं, तो बाजूला काढतो. भाताचं तसं नाही. शिजवतानाच्या उष्णतेतही काही जंतूंचे बीजाणू तग धरतात आणि भात कोमट राहिला की वाढायला लागतात. त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. वास येत नाही, चव बदलत नाही. म्हणूनच गरम अन्न 60 अंशांच्या वर आणि थंड अन्न 5 अंशांच्या खाली ठेवायला सांगतात. लग्नाचं मोठं पातेलं झाकून ठेवलं की मधला भात तासन् तास कोमटच राहतो.

आता ती रात्र सांगते, कारण माझं उत्तर त्या रात्रीशिवाय अर्धंच राहतं.

द्राक्षबागांची कामं जोरात होती. पेठ-सुरगाण्याकडून आलेली मजूर कुटुंबं आमच्या गाळ्यापलीकडच्या मोकळ्या जागेत उतरली होती. मध्यरात्र उलटल्यावर एक टेम्पो आला. मसालेभाताचं भलंमोठं पातेलं, पनीरची भाजी, जिलेबीची परात. सोबत नवरदेवाचे काका, फेटा अजून डोक्यावरच. त्यांनी मला झोपेतून उठवलं आणि आधी हात जोडले. मी विचारलं, भात किती वाजता उतरवला? ते म्हणाले, पाचला असेल, गोरज मुहूर्त होता. पातेल्याला हात लावला तर कोमट. पनीर उघड्यावरच होतं.

आवाजाने मजूर जागे झाले. बायका ताटल्या घेऊन आल्या, मुलं त्यांच्या मागे. मी म्हटलं, जिलेबी ठेवून जा, भात आणि भाजी नको. काकांना वाटलं मी नखरे करते आहे. ते भडकले. म्हणाले, "तुमच्यासारख्यांमुळेच लोक अन्न फेकतात." त्यांचं मी सहन केलं. पण माझ्या शेजारी उभी असलेली एक बाई, कडेवर पोर, मला शांतपणे म्हणाली, "ताई, उपाशी पोट बी दुखतंच ना."

मी गाळा उघडला. पोहे, गूळ, शेंगदाणे, जे शिजवायला लागत नाही ते काढून दिलं. त्यांनी ते घेतलं. खात मात्र सगळे टेम्पोकडे बघत होते. काकांनी पातेलं परत चढवलं आणि निघून गेले. भात पुढे कुठे गेला, मला माहीत नाही.

तुम्ही म्हणाल, 2020 च्या मे महिन्यात तर तुम्हीच पोळी-भाजी वाटत होता. हो. मुंबई-आग्रा महामार्गावरून माणसं चालत निघाली होती तेव्हा आमच्या गल्लीतल्या घराघरांतून पोळ्या जात होत्या, आणि त्या दिवसांचा मला अभिमान आहे. पण ती पोळी आमच्या तव्यावरची होती, तासाभरात खाल्ली जायची. तेव्हाची मी आजच्या मला नेहमी विचारते, वेळ विचारत बसायला तुला सुचतं तरी कसं? पानात शीत टाकलं तर आजी उठू देत नसे, त्या घरातली तू. मी तिला सांगते, कडेवरच्या त्या पोराला पहाटे उलट्या सुरू झाल्या असत्या तर तुझ्या मुलाला नेतेस तशी त्याची आई त्याला रिक्षात घालून खासगी दवाखान्यात नेऊ शकली नसती. शिवाय एक दिवसाची मजुरी बुडाली असती. ती ऐकते, पण गप्प बसत नाही.

आणि हेही खरं की त्या रात्री मला माझीही भीती वाटली होती. कुणाला काही झालं असतं तर गाळा बंद पडला असता, नाव माझं आलं असतं. पोराची काळजी किती आणि नावाची किती, हे मला आजही वेगळं काढता येत नाही.

कायदा आडवा येतो असं मात्र मी कधीच म्हटलेलं नाही. उरलेलं अन्न वाटण्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2019 मध्ये स्वतंत्र नियम केले. त्यांत वाटायला मनाई नाही, पण स्वच्छता, तापमान, नोंदी यांची जबाबदारी वाटणाऱ्यावर आहे. आमच्याकडे तसं वाहन नाही, शीतकपाट घरगुती आहे, आणि रात्री एकला उठणारी माणसं थोडी.

मला राग येतो तो फोनच्या वेळेचा. पाचशे पानं सांगितलीत आणि माणसं साडेतीनशे आली, हे पहिल्या पंगतीलाच दिसतं. तेव्हाच आचाऱ्याला सांगा, शेवटचं पातेलं पंगत बघून चढवा. न शिजवलेला तांदूळ, न चिरलेली भाजी, न फोडलेले तेलाचे डबे आम्ही रात्री दोनलाही उतरवून घेऊ. जेवण वाढण्याआधी कळवलंत, तर वाफाळता भात घ्यायलाही माणूस पाठवू. असे फोन फारच थोडे येतात. सगळं आटोपल्यावर, पाहुणे निघाल्यावर, लॉन्स रिकामं करायची वेळ आली की आमची आठवण होते.

आमच्यातलेच दोघं म्हणतात, तापमापी घेऊ, टेम्पो आला की मोजू, 60 च्या वर असेल तर घेऊ. मी विचारते, 55 भरलं आणि समोर मुलं उभी असली तर नाही कोण म्हणणार? दर बैठकीत आमचं यावर भांडण होतं. या तुळशीच्या लग्नाआधी काही ठरेल असं मला वाटत नाही.