माझा अनुभव : मागच्या एक्सलची गळती आणि ‘आवाज नॉर्मल आहे’

पिनियन सील (मागच्या एक्सलमध्ये फिरणं आणणाऱ्या छोट्या दातेरी दांड्याभोवतीचं, तेल अडवणारं कडं) दोनदा बदलून झालं, तरी पार्किंगच्या फरशीवर तेलाचा डाग पडतच होता. वर गाडीला आधी नसलेला एक आवाजही लागला. सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डवर मात्र शेरा एवढाच : ‘टेस्ट ड्राइव्ह घेतली, आवाज नॉर्मल आहे.’ त्या शेऱ्याचा राग अजून गेलेला नाही. मागच्या एक्सलची गळती आणि आवाज शोधणं अवघड नसतं, पण त्याला क्रम आहे. तो क्रम सोडला की चांगले पार्ट बाद होतात.

गाडी डिझेल पिकअप, ड्राइव्ह मागच्या चाकांना, मागे पाटे (लीफ स्प्रिंग), साधं ओपन डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरजोडणी). फेऱ्या ठाणे-नवी मुंबईत : घोडबंदर रोड, वागळे इस्टेट, महापे, तुर्भे.

सुरुवात गळतीपासून करतो, कारण सगळं तिथून वाढलं. आधी गळतंय ते काय आहे हे ओळखा. गिअर ऑईल जाड असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. तो बोटाला लागला की साबणाने धुवूनही लवकर जात नाही. ब्रेक ऑईल पातळ असतं आणि पाण्याने धुतलं जातं. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर हा फरक फार महत्त्वाचा. गिअर ऑईल असेल तर चाक फिरवणाऱ्या एक्सल शाफ्टचं सील गेलंय, ब्रेक ऑईल असेल तर ब्रेकचा व्हील सिलिंडर. दोन्हीत ब्रेकचा ड्रम उघडावाच लागतो, आणि भिजलेले ब्रेक लायनर धुवून परत लावू नका, नवे घाला. शाफ्टचं सील गळत असेल तर नवं बसवण्याआधी शाफ्ट वर-खाली हलवून पाहा. बेअरिंग झिजलं असेल तर शाफ्ट खाली बसतो आणि नवं सीलही महिन्याभरात जातं.

हाउसिंग, म्हणजे एक्सलचं बाहेरचं कवच, ओलं असताना गळतीची जागा कळत नाही. धावताना वाऱ्याने तेल मागे पसरतं, म्हणून सगळ्यात भिजलेली जागा बहुतेकदा खोटी असते. हाउसिंग डिझेलने स्वच्छ धुवा, पुसा, पूर्ण वाळू द्या. मग साधी टाल्कम पावडर फासा आणि २५-३० किलोमीटर गाडी चालवा. पावडर ज्या जागी ओली झाली त्यातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा धरा. पिनियन सील गळत असेल तर एक खूण हमखास मिळते : फ्लँजच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट पिनियनला जोडणाऱ्या चकतीच्या, बरोबर वर, बॉडीच्या तळाला तेलाची आडवी रेघ उमटते, कारण फिरणारी फ्लँज तेल गोल भिरकावते. माझ्या गाडीला ती रेघ होती. म्हणजे पिनियन सील गळत होतं हे निदान बरोबरच होतं. चूक पुढची होती. सील का गेलं, हे कोणी विचारलंच नाही.

कारण होतं ब्रीदर. हाउसिंगच्या वर, बहुतेक डाव्या किंवा उजव्या नळीवर, अंगठ्याच्या नखाएवढं टोपण असतं. एक्सल तापला की आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते. ते तोंड बंद झालं तर हवा सगळ्यात कमकुवत जागेतून वाट काढते, म्हणजे सीलच्या ओठातून, आणि सोबत तेल आणते. पावसाळ्याआधी गाडीच्या तळाला गंजरोधक काळं कोटिंग मारून घेतलं होतं, आणि ते मारताना ब्रीदरवर कागद-टेप कोणी लावला नव्हता. टोपणावर डांबरासारखा थर चढून ते दगड झालं होतं. टोपण बोटाने फिरायला हवं, हलवलं की किंचित खुळखुळायला हवं. माझं नखाने खरवडूनही हललं नाही. कोटिंग करून घेणाऱ्यांनी ब्रीदर आणि ब्रेकचे ब्लीड निपल (हवा काढायच्या तोट्या) आधी टेपने झाकून घ्यावेत, आणि हे समोर उभं राहून करून घ्यावं.

आता तो अडकलेला टप्पा. हे दोन महिने फुकट गेले याचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त चीड याची की हे सगळं टाळता येण्यासारखं होतं.

ठाण्यातल्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये पहिलं सील बदललं. तीन आठवड्यांत परत रेघ. दुसरं सील. त्यानंतर ताशी ५० पासून एक बारीक घूं सुरू झाली, ६५ ला स्पष्ट, कानात बसणारी. परत गेलो तर सुपरवायझर सर्व्हिस रोडला एक चक्कर मारून आला. त्या रस्त्यावर गाडी ३० च्या वर जातच नाही. “साहेब, पिकअप आहे. एवढा आवाज येतोच,” असं म्हणून त्याने कार्ड भरलं. पुढच्या खेपेला जरा आग्रह धरला तेव्हा थेट दुसऱ्या टोकाला गेला : “मग क्राउन-पिनियन बदलावा लागेल.” म्हणजे पिनियन आणि तो फिरवतो ते मोठं दातेरी चक्र, दोन्ही. एक तर काहीच नाही, नाहीतर सगळ्यात महागडा पार्ट, आणि दोन्ही निर्णय न ऐकता.

‘मागून आवाज येतो’ एवढंच सांगितलं तर कार्डवर तेवढंच येतं, हे मला तिथे कळलं. म्हणून एका पहाटे साडेपाचला, रस्ता मोकळा असताना, कागद-पेन घेऊन आवाजाची नीट नोंद केली. त्या तासाभराने जे दिलं ते इतक्या खेपांनी दिलं नव्हतं. ते असं :

टायर आधी बाद करा. एकाच वेगाने काँक्रीटवर आणि डांबरावर चालवा. सायन-पनवेल महामार्गाचा काँक्रीटचा पट्टा आणि लगेच पाम बीच रोडचं डांबर, तुलनेला याहून सोयीचं ठिकाण नाही. रस्ता बदलला की आवाज बदलला तर टायर. माझा बदलला नाही.

मग इंजिन. उभ्या गाडीत, न्यूट्रलला, ६५ च्या वेगाला जितके आरपीएम असतात तितके ठेवा. आवाज आला तर एक्सलकडे जायचं कारणच नाही. आला नाही.

मग सपाट, सरळ रस्त्यावर ६५ ला न्यूट्रल करून गाडी वाहू द्या. आवाज राहिला तर तो क्लच-गिअरबॉक्सच्या मागच्या, चाकांबरोबर फिरणाऱ्या भागांतला. घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या उतारावर हे अजिबात करू नका. घाटात न्यूट्रल करायचं नाही, ब्रेक तापतात आणि इंजिनाची धरही सुटते. गायमुखचा उपयोग दुसऱ्या गोष्टीला आहे : चढताना ऍक्सिलरेटर दाबून आणि उतरताना गिअरमध्ये ठेवूनच पाय काढून, दोन्ही वेळा ऐका.

क्राउन-पिनियनच्या दातांचा आवाज भाराप्रमाणे बदलतो. दाबल्यावर गाणं म्हणतो आणि पाय काढला की गप्प होतो, किंवा नेमका उलटा. एका ठरावीक वेगाच्या पट्ट्यात चढतो आणि पुढे विरतो. चाकाच्या बेअरिंगची जाड घरघर असते, पायाशी तिचं देणंघेणं नसतं. रिकाम्या रस्त्यावर गाडी हळूच डावी-उजवी डोलवली की भार ज्या चाकावर जातो तिथली घरघर वाढते. फक्त वळणावर कटकट येत असेल तर स्टार पिनियन आणि सन गिअर (डिफरन्शियलमधले छोटे गिअर) पाहा, सरळ जाताना ते एकमेकांवर फिरतच नाहीत. गिअर टाकून सोडताना ठण्ण असा एकच ठोका येत असेल तर एक्सल उघडण्याआधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) आणि पाट्यांचे यू-बोल्ट तपासा. दर फेऱ्याला एक टिक येत असेल तर दात तुटल्याचा संशय घ्या आणि गाडी पुढे चालवू नका.

पिनियन बेअरिंगची ओळख तिच्या बारीक सुरात आहे. ताशी ६० ला या मापाचं चाक मिनिटाला साधारण पावणेपाचशे फेरे घेतं. क्राउन-पिनियनचं गुणोत्तर ४ च्या आसपास असेल तर पिनियन त्याच वेळात एकोणीसशेच्या घरात फिरतो. म्हणून चाकाचं बेअरिंग घरघरतं आणि पिनियनचं किणकिणतं. माझा आवाज असाच होता : बारीक, वेगाबरोबर सतत चढणारा, पाय काढल्यावर थोडा उतरणारा पण न थांबणारा. शिवाय २० किलोमीटरनंतर इन्फ्रारेड थर्मामीटर लावला तर पिनियनचं नाक (हाउसिंगचा पुढचा निमुळता भाग) क्राउनच्या फुग्यापेक्षा (मधल्या गोल भागापेक्षा) खूपच गरम दाखवत होतं. घट्ट आवळलेल्या बेअरिंगचं याहून स्वस्त निदान नाही.

ही नोंद घेऊन वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी वर घेतली आणि पिनियनच्या नटावर टॉर्च धरला. नटाचे कोपरे गोल झाले होते, चकचकीत. “दादा, हा नट गनने मारलाय,” एवढंच म्हणाले.

सगळं प्रकरण त्या एका वाक्यात आहे. पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये एक पातळ पोलादी नळी असते, कोलॅप्सिबल स्पेसर. नट आवळला की ती किंचित चुरडते आणि बेअरिंगांवर नेमका ताण बसतो, त्याला प्रीलोड म्हणतात. चुरडलेली नळी परत फुगत नाही. सील बदलायला नट काढला आणि हवेच्या गनने धाडधाड आवळला की नळी जास्त चुरडते, बेअरिंग करकचून बसतं, तापतं, आणि काही शे किलोमीटरमध्ये गाऊ लागतं. तेव्हा नट जरा ढिला करून भागवायला जाऊ नका. ढिला केला की पिनियन मागे-पुढे खेळतो आणि मग खरोखर क्राउन-पिनियनचे दात जातात.

सील बदलण्याची बरोबर रीत अशी. नट, फ्लँज आणि पिनियनचं टोक यांवर पंचने एका रेषेत खूण करा. प्रोपेलर शाफ्ट सोडा, एक्सल शाफ्ट बाहेर ओढून घ्या म्हणजे ब्रेकचा अडथळा मापात येत नाही. फ्लँजला दोरी गुंडाळून हुकाच्या ताणकाट्याने सावकाश ओढा आणि फिरत असतानाचा आकडा लिहून ठेवा, पहिला झटका धरू नका. दोरीची त्रिज्या ५ सेंटिमीटर आणि ओढ २ किलो असेल तर तो १० किलो-सेंटिमीटर, म्हणजे जवळपास १ न्यूटन-मीटर. सील बदलल्यावर नट त्याच खुणेपर्यंत हाताच्या पान्याने, आणि मग पूर्वीचा आकडा येईपर्यंत किंचित पुढे. मिस्त्रींच्या काट्यावर माझा आकडा ७ किलोच्या वर गेला. मॅन्युअलमध्ये वापरलेल्या बेअरिंगला जे हवं होतं त्याच्या दुपटीहून जास्त.

बेअरिंग काढलं तेव्हा रोलरवर तपकिरी-निळी झाक होती आणि बाहेरच्या कपात (कड्यात) टाचणीने टोचल्यासारखे खड्डे. फ्लँजही पाहिली : सीलचा ओठ जिथे घासतो तिथे खाच पडली होती, नख अडकत होतं. अशा फ्लँजवर कितीही चांगलं सील घाला, ते गळणारच. नवी फ्लँज घेतली. खाचेवर बसवायची पातळ बाहीही मिळते.

क्राउन-पिनियनचे दात मात्र शाबूत होते, आणि हे ऐकून जो जीव भांड्यात पडला तो सांगता येत नाही. दोन्ही पिनियन बेअरिंग कपांसकट, स्पेसर, नट आणि सील नवं. स्पेसरला अकरा दिवस थांबावं लागलं, काउंटरवर सुटा मिळत नव्हता. पिनियन किती आत बसतो ते ठरवणारी शिम (पातळ चकती) जुनीच ठेवली, बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजने ०.१५ मिलिमीटर आला, दातांना मार्किंग पेस्ट लावून ठसा पाहिला, तो दाताच्या मधोमध होता. नवा स्पेसर चुरडायला लांब दांडा आणि फ्लँज धरायला दुसरा माणूस लागतो. थोडं आवळा, पिनियन चार-पाच वेळा फिरवा, मोजा, परत थोडं. आकडा ओलांडला की तो स्पेसर फेकायचा आणि दुसरा घ्यायचा, तडजोड नाही. नव्या बेअरिंगचा आकडा जुन्यापेक्षा जास्त असतो, मॅन्युअलमधली बरोबर ओळ पाहा.

एक राहिलंच : तेल काढण्याआधी वरचा भरायचा प्लग सुटतोय का ते आधी पाहा. ड्रेन आधी उघडला आणि वरचा गंजून बसलेला निघाला तर गाडी रिकाम्या एक्सलने अडकते. ड्रेनच्या चुंबकावर मऊ करडी पेस्ट असेल तर काळजी नाही. नखाला लागेल असा कण किंवा पापुद्रा निघाला तर तेल भरून पुढे जायचं नाही. तेल दुधासारखं पांढुरकं असेल तर पाणी शिरलंय. माझ्या गाडीत जीएल-५ प्रकारचं ८०डब्ल्यू-९० पडतं. ते भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, सपाट जमिनीवर. हेच तेल गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितलं असेल तिथे ओतू नका, त्यातली द्रव्यं गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना त्रास देऊ शकतात. जॅकवर चाकं फिरवून आवाज ऐकायचा असेल तर दोन्ही मागची चाकं उचला, खाली भक्कम स्टँड द्या, पुढच्या चाकांना ठोकळे लावा. एकच चाक उचलून फिरवलं तर ते स्पीडोमीटरच्या काट्याच्या दुप्पट वेगाने फिरतं.

आता जॉबकार्डवर मी स्वतःच लिहितो : ‘ताशी ५० ते ७०, बारीक घूं, पाय काढल्यावर कमी पण चालू, न्यूट्रलमध्येही, टायर नाही. टेस्ट ६५ वर मालकासोबत घ्यावी. पिनियन नटाला गन वापरू नये.’ सही त्याखाली घेतो.

ब्रीदर शेवटी मिस्त्रींनी जागेवरून हलवला. ठाण्यात वंदना टॉकीजजवळ पाणी तुंबलं की तापलेलं हाउसिंग एकदम गार होतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदरचं तोंड पाण्याखाली असेल तर एक्सल पाणी पितो. टोपणाच्या जागी निपल, त्यावर तेलाला टिकणारा रबरी पाइप, चासीच्या उंचीपर्यंत नेऊन क्लिपने बांधलेला. एक्सल वर-खाली होतो तेव्हा पाइप ताणला जाऊ नये म्हणून थोडी ढील ठेवावी लागते, आणि वरचं तोंड खाली वळवून त्यावर छोटा फिल्टर बसवावा, नाहीतर पावसाचं पाणी वरून आत येतं.