आयएमएक्स ५००: सगळा खेळ आठ एमबीचा

सोनीचा आयएमएक्स ५०० हा कॅमेऱ्याचा सेन्सर २०२० मध्ये जाहीर झाला. दोन चिपा एकावर एक: वर पिक्सेल, खाली लॉजिक, आणि न्यूरल नेटवर्क (चित्रातलं काय ते ओळखणारं मॉडेल) त्या लॉजिकमध्येच चालतं. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या एआय कॅमेऱ्यात (सप्टेंबर २०२४) हाच सेन्सर आहे. ओळखण्याचं काम सेन्सर उरकतो आणि उत्तराचा टेन्सर (आकड्यांचा तक्ता) फ्रेमच्या मेटाडेटातून, म्हणजे चित्रासोबतच्या माहितीतून, पायकडे येतो. म्हणून जुना, मंद पायसुद्धा पुरतो.

मॉडेल निवडताना अचूकतेचे आकडे नंतर बघा, आधी मेमरी मोजा. सेन्सरकडे एकूण ८ एमबी आहेत, त्यातच वेट्स (मॉडेलने शिकलेले आकडे), फर्मवेअर आणि कामाची जागा. वेट्स ८ बिटांवर आणले (यालाच क्वांटायझेशन म्हणतात) की एका वेटला एक बाइट. वस्तू ओळखणाऱ्या योलो-८ मॉडेलच्या नॅनो आवृत्तीचे सुमारे ३२ लाख वेट्स बसतात. स्मॉलचे १ कोटी १२ लाख अर्थातच नाही. पण बहुतेक जण फसतात ते मॉडेलच्या मधल्या थरांत, कारण त्यांच्या आउटपुटलाही याच मेमरीत जागा लागते. मोबाइलनेट-व्ही२ या मॉडेलला ३२० × ३२० पिक्सेलचं इनपुट दिलं, तर सुरुवातीच्याच एका थराचं आउटपुट १६० × १६० × ९६, म्हणजे जवळपास २.५ एमबी. इनपुट ६४० केलं की चौपट, ९.८ एमबी! वेट्स कमी असूनही कन्व्हर्टर (मॉडेल सेन्सरसाठी बदलून देणारा प्रोग्राम) नकार देतो तो यामुळे. इनपुट लहान करा.

क्वांटायझेशनच्या कॅलिब्रेशनला, म्हणजे आकड्यांचा आवाका ठरवायला, कॅमेरा जिथे लावायचा तिथलेच काही शे फोटो द्या, त्याच उजेडातले. इंटरनेटवरचे लख्ख फोटो देऊन अंधाऱ्या गोदामात कॅमेरा टांगला, तर स्कोअर पडणारच.

मग कन्व्हर्टर, त्यानंतर पॅकेजर, आणि हाती येते आरपीके फाइल, म्हणजे कॅमेऱ्यात चढवायचं तयार मॉडेल. ती पहिल्यांदा चढवायला काही मिनिटं लागतात. कॅमेरा अडकलाय समजून वायर उपटू नका. पुढच्या वेळी फाइल मॉड्यूलच्या फ्लॅशमधून पटकन येते.

ओळखलेल्या वस्तूंभोवतीच्या चौकटी भलतीकडे दिसत असतील तर मॉडेलला दोष देण्याआधी चित्राच्या रुंदी-उंचीचं गुणोत्तर तपासा. ४:३ चं चित्र चौरस इनपुटात दाबलं की माणसं बारीक आणि उंच होतात. गुणोत्तर राखण्याचा पर्याय चालू करा किंवा चौरस आरओआय (चित्रातला वापरायचा भाग) द्या, आणि चौकटींचे कोऑर्डिनेट्स पायकॅमेरा-२ या पायच्या कॅमेरा लायब्ररीच्या फंक्शननेच बदलून घ्या. प्रत्येक फ्रेमसोबत टेन्सर येईलच असंही नाही. रिकामा आला तर मागचं उत्तर वापरा, नाहीतर प्रोग्राम तिथेच कोसळेल.

फोकस हाताने लावायचा आहे, २० सेंटिमीटरपासून पुढे. तो कॅलिब्रेशनचे फोटो काढण्याआधीच लावून ठेवा.