सुताराची लेक आणि इंग्रजांची टेबलं

गावी आले की कुणी ना कुणी विचारतंच, "सुताराची लेक तू, इंग्रजांच्या वाड्यांतल्या टेबल-खुर्च्या शिकायला एवढ्या लांब कशाला गेलीस?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

यॉर्कशरमध्ये वेकफील्डजवळ नॉस्टेल नावाचा मोठा वाडा आहे. तिथले मालक सर रोलंड विन यांनी 1766 पासून थॉमस चिपेंडेलकडून फर्निचर करून घेतलं. चिपेंडेल यॉर्कशरमधल्याच ओटलीचा, 1718 साली जन्मलेला. पुढे लंडनमध्ये त्याने मोठं नाव कमावलं. या दोघांची पत्रं आणि बिलं आजही शाबूत आहेत. माझा जीव जडला तो त्या बिलांवर.

लायब्ररीतल्या महॉगनीच्या टेबलाचे 1767 च्या बिलात 72 पौंड 10 शिलिंग लावलेत. याच चिपेंडेलने याच वाड्याच्या मुदपाकखान्यात मटण तोडायला एल्म झाडाच्या लाकडाचा भक्कम ठोकळाही दिलाय. बाबांच्या वहीत असंच असतं, वर बंगल्याचा दिवाण आणि खाली कुणाचं तरी पोळपाट. पत्रांतलं दुखणंही आमच्या घरातलंच. माल पोचलाय, पैसे पोचलेले नाहीत, आणि एवढा नावाजलेला माणूस पुन्हा पुन्हा मागतोय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पुढचं पान उलटवेना.

पण बिलात सगळं येत नाही. महॉगनी तेव्हा जमैकासारख्या बेटांवरून यायची आणि तिथे ती तोडायला गुलाम केलेली आफ्रिकी माणसं होती. टेबलाची किंमत शिलिंगापर्यंत लिहिलेली, या माणसांबद्दल एक ओळ नाही. लंडनच्या कारखान्यात रंधा मारणाऱ्यांची नावंही क्वचितच सापडतात. म्हणून आम्ही विद्यार्थी वस्तूच्या उलट्या बाजूला जातो. बाबाही जुनं कपाट दुरुस्तीला आलं की आधी खण उपसून उलटा करतात. हातमोजे घालून असाच एक खण मी उलटा केला आणि टॉर्च अगदी आडवा धरला. तळाच्या फळीवर रंध्याचे पट्टे उठून दिसले. एका कडेला पट्टा तिरका गेला होता, तिथे कारागिराचा हात वळला होता. अडीचशे वर्षांत तो भाग कुणी गुळगुळीत केलेला नव्हता. मी बराच वेळ तिथेच बसून होते.

आणखी एक गोष्ट, ही मात्र थेट आपल्या दारातून गेलेली. नॉस्टेलच्या शयनगृहात 1771 चं हिरवं फर्निचर आहे, चिनी लॅकरच्या, म्हणजे चकचकीत रोगणाच्या, धर्तीवर रंगवलेलं. खऱ्या लॅकरचा चीक पूर्वेकडच्या झाडाचा, तो युरोपात मिळायचा नाही. म्हणून इंग्लंडमध्ये अशा कामाला लाख स्पिरिटमध्ये विरघळवून थरावर थर द्यायचे, आणि ती लाख हिंदुस्थानातून जायची.

बाबा तिला चपडा म्हणतात. बाटलीत स्पिरिट घालून रात्रभर भिजत ठेवतात, सकाळी फडक्याच्या बोळ्याने हात मारतात. हे सगळं फोनवर सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "किती हात दिलेत गं त्यांनी?" सध्या मी तेच शोधते आहे.