पाणी आलं, पण गेलं नाही

अमावास्येचा दिवस आम्ही मुद्दाम निवडला होता. कोळ्यांचा हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि अमावास्येला, म्हणजे पंधराव्या तिथीला, सव्वाअकराच्या सुमारास. तीही उधाणाची.

मुंबईतल्या मनोरी खाडीच्या एका फाट्यावर डंपरवाल्यांनी राबिट, म्हणजे पाडलेल्या बांधकामाचा भराव, टाकून रस्ता केला होता. पलीकडची तिवरं, खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं, भरतीवाचून वाळत चालली होती. तो रस्ता मध्ये खणून आम्ही ह्यूम पाईप, म्हणजे सिमेंटचा मोठा नळ, बसवला होता. आज फक्त त्याच्या तोंडावरचा मातीचा बांध काढायचा होता. आदल्या आठवड्यात पोकलेननं काय काय उपसलं होतं! मोझॅकचे तुकडे, फुटका कमोड, कुणाच्या तरी मोरीच्या निळ्या टाईल्स. चाळ पाडून टॉवर होतो, तेव्हा चाळ जाते कुठे, ते तिथं कळलं.

बाराच्या आधीच पाणी आत धावलं. टाळ्या झाल्या, फोटो झाले, वडापाव आला. साहेब मंडळी गेली.

निवट्या, चिखलातले छोटे मासे, धरायला येणारी एक मावशी टोपली टेकवून बघत होती. म्हणाली, "दादा, पानी आलं. पन जानार कुठनं?"

मी हसलो. सहा वाजता हसू गेलं. ओहोटीनं बाहेरचा फाटा रिकामा झाला, चिखल चकाकायला लागला, आणि आत मात्र गुडघाभर पाणी तसंच. पाईप राबिटावरच बसवलेला. त्याचं तोंड फाट्याच्या जुन्या तळापेक्षा दीड फूट वर. मी भरती किती चढते ते मोजलं होतं, तळ कुठे आहे ते नाही.

तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर येतात ती ओहोटीत हवा घ्यायला. ती कायम बुडाली तर झाड गुदमरतं. म्हणजे इतके दिवस कोरडी पडलेली झाडं आता मी बुडवणार होतो! पाण्यानं दिवसातून दोनदा यायला हवं, आणि दोनदा जायलाही हवं. हे मला पुस्तकातून पाठ होतं, हेच लाजिरवाणं.

पाईप काढला. रस्ताच आरपार फोडला, थेट जुन्या गाळापर्यंत. तो ओळखायला यंत्र लागत नाही: तांबूस भराव संपतो, काळा चिखल लागतो आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. त्या वासानं इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

आराखड्यात रोपांच्या ओळी होत्या. मी त्या लावू दिल्या नाहीत, त्यावरून वाद झाला. तिवराची फळं पावसाळ्यात पिकतात, भरतीबरोबर तरंगत येतात. वाट मोकळी असली तर जागा त्यांची ती शोधतात. पुढच्या श्रावणात कडेच्या चिखलात दोन-दोन पानांची रोपं दिसली, ओळीबिळीत अजिबात नाहीत.

मावशी अजून भेटते. रस्ता फोडल्यामुळे टोपली घेऊन लांबचा वळसा पडतो, म्हणून दर वेळी मला ऐकवते.