तुम्ही विचारलंत म्हणून: एकच कथा

"शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन कथांमध्ये बाईची जागा काय होती ते कळेल अशी एकच कथा सांगा," असं मला बरेच जण विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा ओ. हेन्रीची 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' असते. नवऱ्याच्या भेटीसाठी केस विकणारी डेला आणि तिच्या भेटीसाठी घड्याळ विकणारा जिम. दोघांचा त्याग सारखाच, असं आपण म्हणून टाकतो. पण जिमला आठवड्याला 20 डॉलर पगार आहे आणि विकायला वाडवडिलांचं घड्याळ आहे. डेलाकडे आहेत ते वाण्याशी घासाघीस करून वाचवलेले 1 डॉलर 87 सेंट आणि डोक्यावरचे केस. कथा 1905 सालची, गोड आहे. हा हिशेब मांडायचा तिचा बेत होता असं मला वाटत नाही.

ज्या कथेचा तोच बेत आहे ती सुझन ग्लास्पेलची, 1917 सालची 'अ ज्युरी ऑफ हर पीअर्स', म्हणजे 'तिच्या बरोबरीच्यांची ज्युरी'. (ज्युरी म्हणजे खटल्यात दोषी की निर्दोष ते ठरवणारे सामान्य नागरिक.) (पुढे सगळं सांगून टाकणार आहे. आधी वाचायची असेल तर इथेच थांबा.)

आयोवातलं एकाकी शेतघर. जॉन राइट गळ्याला दोर आवळून मेलाय, बायको मिनी तुरुंगात. शेरीफ, सरकारी वकील आणि शेजारी हेल पुरावा शोधायला येतात. हेल आणि शेरीफ यांच्या बायका येतात त्या मिनीला लागणाऱ्या चारदोन वस्तू न्यायला. स्वयंपाकघरात काय असणार, भांडीकुंडीच, असं म्हणून पुरुष माडीवर आणि गोठ्यात शोधत फिरतात. मळका टॉवेल बघून वकीलसाहेब गृहिणीला नापास करतात, पायाने भांडी सरकवतात. आणि पुरावा तिथेच असतो! अर्धवट पुसलेलं टेबल. गोधडीचे नीटस टाके एका जागी एकदम वेडेवाकडे. मोडक्या दाराचा पिंजरा. शेवटी शिवणाच्या पेटीत, रेशमी कापडात गुंडाळलेली, मान पिरगळलेली कॅनरी, म्हणजे पिंजऱ्यात पाळतात तो छोटा गाणारा पक्षी. कधीकाळी चर्चमध्ये गाणाऱ्या मिनीच्या घरात तेवढाच एक आवाज उरला होता. ती मान जॉननेच पिरगळली असणार आणि खुनाचं कारण तेच, हे बायकांना उमगतं. आणि त्या पक्षी लपवतात.

जॉन दारू पीत नव्हता, दिला शब्द पाळायचा, कर्ज फेडायचा. गावाच्या लेखी भला माणूस. ग्लास्पेल त्याला राक्षस करत नाही, म्हणून मला ती मोठी वाटते. शिवाय मिसेस हेल स्वतःलाही सोडत नाही: मी हिच्याकडे कधी आले नाही, हाही गुन्हाच, त्याची शिक्षा कोण देणार?

यामागे खरा खटला आहे. डिसेंबर 1900 मध्ये आयोवातल्याच जॉन हॉसॅकचा झोपेत कुऱ्हाडीने खून झाला आणि पत्नी मार्गारेटवर आरोप आला. तरुण ग्लास्पेल तेव्हा आयोवाची राजधानी डे मॉइन इथल्या दैनिकात त्याच्या बातम्या देत होती. 1901 मध्ये मार्गारेटला जन्मठेप झाली, पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला आणि 1903 च्या फेरखटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही. दोन्ही वेळा ज्युरीत सगळे पुरुष. बायकांना तिथे बसायला बंदीच होती, देशभर मताचा हक्कसुद्धा 1920 मध्ये आला. मार्गारेटला बरीच मुलं होती, कथेतल्या मिनीला एकही नाही. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो, त्याशिवाय त्या घरातली शांतता इतकी अंगावर आली नसती.

याच विषयावरचं तिचं 'ट्रायफल्स' हे नाटक कथेच्या आधीचं, 1916 चं. तरी सुरुवात कथेनेच करा. नाटकाचा पडदा थेट राइटच्या स्वयंपाकघरात उघडतो. कथा सुरू होते मिसेस हेलच्या घरी: बोलावणं येतं तेव्हा ती पावासाठी पीठ चाळतेय, आणि निम्मं चाळलेलं, निम्मं तसंच टाकून तिला निघावं लागतं. मिनीचं अर्धवट पुसलेलं टेबल दिसताच ती का थबकते, हे कुणी न सांगताच कळतं.